चार रूट कॅनाल की दोन फिलिंग? दातांचा डॉक्टर निवडताना आणि उपचार समजून घेताना

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याहून पुण्यात वाकडला राहायला आलेल्या एका ताईंना खालच्या डाव्या दाढांना गार पाणी लागायला लागलं. घराजवळच्या एका दवाखान्यात एक्स-रे न काढताच चार रूट कॅनाल आणि चार कॅप सांगितल्या, आजच सुरू केलं तर सवलत देऊ असंही म्हटलं. दुसऱ्या डॉक्टरांनी दोन दाढांत सिमेंट भरा आणि दात साफ करून घ्या, एवढंच सांगितलं. कुणाचं ऐकावं, आणि ओळखदेख नसलेल्या भागात चांगला डॉक्टर शोधायचा कसा, असं त्या विचारतात. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, त्याची दाढ किडली आहे. सासऱ्यांना मधुमेह आहे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, दात हलतात आणि त्यांना ‘फिक्स दात’ हवे आहेत.

ताई, मी दातांचाच डॉक्टर आहे आणि बरीच वर्षं रूट कॅनाल हेच माझं मुख्य काम आहे. दाढेला नेमकं काय झालंय हे ठरल्याशिवाय कुठलाच उपचार बरोबर किंवा चूक म्हणता येत नाही. पहिल्या ठिकाणी ते ठरवलंच गेलेलं नाही, म्हणून तिथे काही करून घेऊ नका. दुसरं मत बरोबर असण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण तेही तपासून आणि एक्स-रे पाहून दिलेलं असेल तरच.

दाताचे थर एकदा समजून घेतले की अर्धा गोंधळ मिटतो. सगळ्यात वर कडक पांढरं कवच असतं, एनॅमल. त्याला संवेदना नसते, म्हणून कीड तिथे असेपर्यंत काहीच कळत नाही. त्याच्या खाली पिवळसर, जरा मऊ थर, डेंटिन. कीड तिथे पोचली की गार आणि गोड लागायला सुरुवात होते. आणि सगळ्यात आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ भाग, ज्याला आपण सगळे ‘नस’ म्हणतो. कीड डेंटिनमध्ये थांबलेली असेल तर ती खरवडून सिमेंट भरायचं. नसेपर्यंत जाऊन नस कायमची बिघडली असेल तर रूट कॅनाल. मुळापर्यंत दात तुटला असेल किंवा आधाराचं हाडच उरलं नसेल तर काढायचा. उपचारांची नावं कितीही असोत, निर्णय बहुतेक वेळा या तीन पायऱ्यांवरच होतो.

नस कुठल्या अवस्थेत आहे हे तुमच्या दुखण्यावरून बरंच कळतं, म्हणून डॉक्टरकडे जाण्याआधी दोन दिवस नीट लक्ष ठेवा. गार पाणी लागलं, सळक आली आणि घोट गिळल्यावर काही सेकंदांत ती गेली, तर नस बहुतेक जिवंत आहे आणि सावरू शकते. अशी सळक फक्त किडीनेच येते असंही नाही. आडवा आणि जोर लावून ब्रश करणाऱ्यांच्या दाताच्या मानेला खाच पडते, हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडतं, तेव्हाही दात शिवशिवतात. तिथे ब्रश बदलणं, सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणि लागलंच तर खाच भरणं, एवढंच पुरतं. मात्र गार लागल्यावर कळ मिनिटभर रेंगाळत असेल, गरम चहाने ठणका सुरू होत असेल, काही न खाता रात्री झोपेतून उठवत असेल, कानापर्यंत कळ जात असेल आणि नेमकी कुठली दाढ दुखतेय हेही सांगता येत नसेल, तर ती नस पुन्हा बरी होत नाही. तिथे मोठ्या माणसांत बहुतेकदा रूट कॅनाल किंवा दात काढणं हेच दोन रस्ते उरतात.

पुढची पायरी फसवी असते. एके दिवशी दुखणं आपोआप थांबतं. माणसाला वाटतं बरं झालं, प्रत्यक्षात नस मेलेली असते. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चावताना तो दात दुखायला लागतो, इतरांपेक्षा उंच वाटतो, हिरडीवर पुळी येऊन तिच्यातून पू येतो. या मधल्या शांततेत लोक अपॉइंटमेंट रद्द करतात आणि पुढे गालाला सूज घेऊन येतात.

आता डॉक्टरांनी काय करायला हवं होतं ते सांगतो. कीड उजेडात, आरशाने, दात कोरडा करून पाहायची. कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून तो बोळा दाढेला लावायचा आणि कळ किती वेळ टिकते ते पाहायचं. हाच बोळा शेजारच्या चांगल्या दाताला लावून फरक बघायचा. आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहायचं. हिरडी आणि दात यांच्या फटीत खुणा असलेली बारीक सळई घालून हाड किती उतरलंय ते मोजायचं. आणि एक्स-रे काढायचा. एका-दोन दातांचा छोटा एक्स-रे आता बहुतेक ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर लगेच दिसतो. दोन दाढांच्या मधली कीड डोळ्यांना दिसतच नाही, ती त्यातच सापडते. त्याचा किरणोत्सर्ग फारच थोडा असतो, त्याला घाबरून नाही म्हणू नका. अख्ख्या जबड्याचा ओपीजी अक्कलदाढा आणि एकूण हाड बघायला चांगला, पण छोटी कीड ठरवायला तो अपुरा पडतो. यातलं काही न करता चार रूट कॅनाल सांगणं मला मान्य नाही.

तरीही दोन प्रामाणिक डॉक्टरांत मतभेद होऊ शकतो, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. कीड नसेच्या अगदी जवळ पोचलेली असते तेव्हा एक जण म्हणतो, खाली औषधी थर देऊन भरू, नस वाचेल. दुसरा म्हणतो, नंतर दुखेल, आत्ताच रूट कॅनाल करू. दोघांकडे कारणं असतात. माझा कल नस वाचवण्याकडे आहे, विशेषतः तरुण रुग्णांत. पण मग रुग्णाला आधीच सांगावं लागतं की या दाढेला पुढे रूट कॅनाल लागू शकतं. एक्स-रेमध्ये कीड असते त्यापेक्षा थोडी कमीच दिसते, त्यामुळे कोरताना अंदाज बदलणंही स्वाभाविक आहे. भरलेली दाढ महिन्याने दुखायला लागली म्हणजे डॉक्टरने फसवलं असं लगेच समजू नका. आधी सांगितलं होतं का, हे मात्र जरूर आठवा.

तुमच्या कागदावर दातांचे नंबर लिहिलेले असतील, ३६, ३७ असे. ते वाचायला शिका, फार उपयोग होतो. पहिला आकडा भाग सांगतो: १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. दुसरा आकडा समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजायचा, १ ते ८. तिसरा सुळा, सहावी म्हणजे पहिली मोठी दाढ, आठवी अक्कलदाढ. म्हणजे ३६ ही खालची डावी पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांना ५ ते ८ हे भाग असतात. प्रत्येक उपचारापुढे नंबर आणि खर्च लिहून मागा. दोन मतांची तुलना करताना दोघं एकाच दाताबद्दल बोलताहेत की नाही, हे त्यावरून लगेच कळतं. आणि काढलेले एक्स-रे मोबाइलवर मागून घ्या. पैसे तुम्ही दिलेत, ते मागण्यात संकोच कसला? तिसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तेच पुन्हा काढावे लागणार नाहीत.

रूट कॅनालची भीती अनेकांना असते, आणि ती बहुतेक आधीच्या पिढीच्या आठवणींतून आलेली असते. भूल नीट चढली तर काम करताना दुखत नाही. खूप सूज आणि ठणका असताना ती चढायला वेळ लागतो, म्हणूनच आधी या म्हणतो. दाताला वरून छिद्र पाडून खराब नस काढायची, मुळांतल्या नळ्या बारीक फायलींनी रुंद करायच्या, औषधी द्रावणाने धुवायच्या आणि शेवटी गट्टापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने बंद करायच्या. खालच्या मोठ्या दाढेत साधारण तीन किंवा चार नळ्या असतात, वरच्या पहिल्या दाढेत अनेकदा चार, आणि त्यातली चौथी सापडायला अवघड. रूट कॅनाल केलेली दाढ वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा दुखते तेव्हा एखादी नळी राहून गेलेली असणं हे एक नेहमीचं कारण. काम झाल्यावरचा एक्स-रे पाहायला मागा: नळ्यांमधली पांढरी रेघ मुळाच्या टोकाच्या अगदी जवळ, पण टोकाच्या बाहेर न जाता संपलेली दिसायला हवी. काम करताना दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, रबर डॅम. थुंकी नळ्यांत जात नाही आणि फाइल किंवा औषध घशात पडत नाही. तो लावणारा डॉक्टर दिसला तर मी डोळे झाकून थोडे जास्त पैसे देईन. काम एका बैठकीत झालं की तीन, यावर दर्जा ठरत नाही. नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं नेहमीचं आहे. सूज वाढत गेली तर मात्र फोन करा.

कॅपबद्दल. मागच्या दाढांना रूट कॅनालनंतर कॅप जवळजवळ नेहमीच लागते, कारण किडीने आणि कोरण्याने दाढ पोकळ झालेली असते आणि चावण्याचा सगळा भार तिच्यावरच येतो. कॅप टाळून दाढ उभी चिरली की काढण्याशिवाय इलाज राहत नाही. तिथे पैसे वाचवू नका. समोरच्या दाताचं मात्र तसं नाही. तो बराचसा शाबूत असेल तर नुसतं भरूनही चालतं. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची किंवा झिरकोनियाची असते. झिरकोनिया दिसायला चांगली आणि मजबूत, म्हणून सरसकट तीच सांगितली जाते. अगदी मागच्या, बोलताना न दिसणाऱ्या दाढेला साधी धातूची कॅप आजही उत्तम चालते, आणि तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो. हा पर्याय तुम्हाला कुणी आपणहून सांगणार नाही, तुम्हीच विचारा. दहा-पंधरा वर्षांची वॉरंटी लिहिलेलं कार्ड मिळालं तर ते जपून ठेवा, पण ती वॉरंटी कॅपच्या सामानाची असते. कॅपच्या कडेला पुन्हा कीड लागली तर कार्ड काही करू शकत नाही.

आता डॉक्टर शोधण्याकडे. पहिली गोष्ट, नोंदणी. भारतात दंतवैद्यकीचा व्यवसाय १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नियमित झाला आणि आपल्याकडे महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही दातांचे उपचार करता येत नाहीत. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर छापलेला असायला हवा. बीडीएस ही मूळ पदवी. त्यानंतर तीन वर्षं शिकून एमडीएस होते, आणि एमडीएस कुठल्या विषयात आहे हे महत्त्वाचं. एंडोडॉन्टिस्ट रूट कॅनालचा, पेरिओडॉन्टिस्ट हिरड्यांचा, ऑर्थोडॉन्टिस्ट तारा लावण्याचा, प्रोस्थोडॉन्टिस्ट कॅप, ब्रिज आणि कवळीचा, ओरल सर्जन अवघड अक्कलदाढा आणि जबड्याच्या शस्त्रक्रियांचा, पेडोडॉन्टिस्ट लहान मुलांचा. अनुभवी बीडीएस डॉक्टर साधं फिलिंग, साफसफाई, सोपं रूट कॅनाल उत्तम करतात, त्यासाठी एमडीएसचा हट्ट नको. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत ठरलेल्या वारी बाहेरून तज्ज्ञ येतात; ही पद्धत चांगली आहे. फक्त विचारा, माझ्या दातावर काम नक्की कोण करणार, आणि रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा?

गुगलवरच्या ताऱ्यांचा उपयोग मर्यादित आहे. ‘अजिबात दुखलं नाही, स्टाफ गोड आहे’ हे रुग्णाला त्याच दिवशी कळतं, रूट कॅनाल चांगलं झालं की नाही हे पाच वर्षांनी कळतं. म्हणून सोसायटीत अशा माणसाला गाठा, ज्याने चार-पाच वर्षांपूर्वी तिथे काम करून घेतलं आणि अजूनही तिथेच जातो. तुमच्या घरच्या डॉक्टरांना विचारा की तुम्ही स्वतःचे दात कुणाला दाखवता. सोसायटीतल्या मोफत तपासणी शिबिरात जायला हरकत नाही, पण टेबलावर टॉर्च मारून ठरवलेल्या उपचारांचे पैसे तिथेच भरू नका. कीड आज असेल तर ती पुढच्या आठवड्यातही असेल, तिला सवलतीची घाई नाही.

स्वच्छता स्वतः पाहा. हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांवर साधारण पंधरा-वीस मिनिटं किंवा १३४ अंशांवर त्याहून कमी वेळ निर्जंतुक करतात. नुसतं उकळणं पुरेसं नाही. ती बंद पाकिटात ठेवलेली असावीत, पाकीट तुमच्यासमोर फोडावं. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो. हातमोजे नवे, भुलीची सुई नवी. विचारल्यावर ज्यांना राग येतो तिथे परत जाऊ नका. आणखी एक गोष्ट मी फार मोलाची मानतो: पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी फक्त दुखरी दाढ बघितली, की जीभ बाहेर काढायला लावून तिच्या कडा, गालाची आतली बाजू, टाळू हेही बघितलं? आपल्याकडे तंबाखू, सुपारी, गुटखा आणि मशेरीमुळे तोंडाचा कर्करोग फार आढळतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तोंडं पाहताना ती जाणवत नाही. साताऱ्याकडे कितीतरी बायका मशेरीने दात घासतात आणि तिला तंबाखू समजतच नाहीत. घरात कुणी घासत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा तोंडात तीन बोटं उभी जाईनाशी होणं, यातलं काहीही असेल तर ते आधी दाखवा, दाढा नंतर.

पैशांची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांचा विचार नक्की करा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि पालिकेचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळी इथलं दंत महाविद्यालय. पुण्यात पिंपरीपासून कात्रजपर्यंत खासगी महाविद्यालयं आहेत आणि तिथल्या ओपीडीतही दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी येतो. काम विद्यार्थी करतात, शिक्षक प्रत्येक टप्पा तपासतात. वेळ लागतो, खेपा होतात. अवघड दाढेसाठी तिथलं एमडीएसचं काम अनेक महागड्या दवाखान्यांच्या तोडीचं असतं. गावाकडे जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो, दात काढणं आणि साधे उपचार तिथे होतात. साध्या आरोग्य विम्यात नेहमीचे दातांचे उपचार सहसा बसत नाहीत, अपघाताने दात तुटला तर मात्र बसू शकतात. बिल आणि एक्स-रे जपा.

डॉक्टर मिळेपर्यंत दुखलंच तर वेदनाशामक गोळी चालते, पण किडनीचा, अल्सरचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी दुकानदाराला विचारून नव्हे, डॉक्टरांना विचारून घ्यावी. अॅस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. लवंगाचं तेल कापसावर एखादा थेंब, हिरडीला न लावता, तात्पुरतं बरं. अँटिबायोटिकने दाढेचा ठणका जात नाही. नसेत रक्तपुरवठाच उरलेला नसतो, औषध पोचणार कुठून? ते लागतं सूज पसरली, ताप आला तर, आणि तेव्हाही दाताचा उपचार करावाच लागतो. जबड्याखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर दवाखाना उघडायची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा. आणि चालताना, जिना चढताना डाव्या जबड्यात दुखतं आणि थांबल्यावर दुखणं जातं, असं सासरे कधी म्हणाले तर ते दातांचं समजू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या.

मुलाचं पाहू. सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती कायमची असते आणि जन्मभर पुरायची असते. मुलाच्या प्रत्येक बाजूला पुढून मागे मोजा. सहावा दात असेल तर तीच ही. किडलेली दाढ ही असेल तर याच आठवड्यात दाखवा. दुधाचीच असली तरी दुर्लक्ष नको, कारण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या लवकर गेल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते. वरवरची कीड असेल तर भरणं, खोल असेल तर नसेचा थोडा भाग किंवा पूर्ण नस काढून वर स्टीलची तयार कॅप, काढावीच लागली तर जागा राखणारी छोटी पट्टी. स्टीलची कॅप चमकते म्हणून आया नको म्हणतात; दाढ पडेपर्यंत ती टिकते, मला ती फार आवडते. नव्या दाढेच्या खाचा सीलंटने भरून घ्या आणि फ्लोराइडचा लेप लावून घ्या. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी, आणि सात-आठ वर्षांचा होईपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात. ती कीड नव्हे, आणि तिथे पेस्टबद्दल वेगळा सल्ला घ्यावा लागतो.

खेळताना समोरचा कायमचा दात मुळासकट निखळला तर तो मुकुटाला, म्हणजे पांढऱ्या भागाला धरून उचला. मूळ घासू नका. माती असेल तर पाण्याने क्षणभर खळबळून जागेवर बसवा, नाही जमलं तर थंड दुधात टाकून अर्ध्या तासात डॉक्टरकडे पोचा. दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नाही.

सासऱ्यांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी आहे. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्यांतला जंतुसंसर्ग वाढला की साखर आवरत नाही. त्यांचे दात किडीने हलत नसावेत, हाड उतरल्याने हलत असावेत. सुरुवात साफसफाईने, आणि लागली तर हिरडीखालच्या खोल साफसफाईने करावी लागेल. ‘साफ केल्याने दात सैल होतात’ हे ते म्हणतील, सगळेच म्हणतात. हाड आधीच गेलेलं असतं, सैल दातांना कडक किटणाने एकमेकांशी बांधून ठेवलेलं असतं. किटण निघाल्यावर खरी अवस्था दिसते आणि फटी उघड्या पडतात. किटण ठेवलं तर उरलेलं हाडही जातं. तपासणीआधी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःहून किंवा दातांच्या डॉक्टरांच्या तोंडी सांगण्यावरून बंद करू नका. साध्या दात काढण्यासाठी अॅस्पिरिन सहसा चालूच ठेवतात, वॉरफरिनसारखी गोळी असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, तपासून हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या-इंजेक्शनं घेतली असतील तर तेही सांगा, त्यात दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो.

‘फिक्स दात’ हा शब्द बाजारात फार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. आठवडी बाजारात किंवा फुटपाथवर तासाभरात बसवून देतात ते प्लास्टिक तारेने आणि अॅक्रिलिकने शेजारच्या दातांना चिकटवलेलं असतं. खाली अन्न कुजतं आणि चांगले दातही जातात. त्याला कधीही तयार होऊ देऊ नका. ब्रिजमध्ये बाजूचे दात घासून त्यांच्या आधाराने मधला दात बसवतात, पण सासऱ्यांचे बाजूचे दात हलत असतील तर तो टिकणार नाही. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आधी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, करून हाड मोजावं लागतं, साखर आटोक्यात हवी आणि तंबाखू बंद. ‘तीन दिवसांत सगळे दात’ या जाहिराती निवडक रुग्णांत खऱ्या ठरूही शकतात; पू येणाऱ्या हिरड्या आणि वाढलेली साखर असलेला माणूस त्यांत बसत नाही. सगळे खालचे दात काढावेच लागले तर अख्ख्या इम्प्लांटच्या खर्चात न पडता एक मधला रस्ता आहे: पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट आणि त्यांना बटणासारखी अडकणारी कवळी. नुसती खालची कवळी जिभेमुळे हलते, ही हलत नाही, आणि काढून धुताही येते. वयस्कर माणसांसाठी मी बहुतेकदा हीच सुचवतो. इम्प्लांट बसवलं तर त्याच्या कंपनीचं नाव, मापं आणि स्टिकर असलेलं कार्ड मागून घ्या. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला तर नव्या डॉक्टरला नेमकी तीच चावी शोधावी लागते.

क्रम असा ठेवा. मुलाला आधी न्या. मग तुम्ही ३६ आणि ३७ चा एक्स-रे काढून, कळ किती सेकंद टिकते ते लिहून, ज्यांनी दोन फिलिंग सांगितली त्यांच्याकडे जा आणि पडद्यावर कीड कुठपर्यंत गेलीय ते दाखवायला सांगा. दाखवून समजावलं तर त्यांच्याकडेच करून घ्या. नाही तर तिसरं मत घ्या, पण एखाद्या एंडोडॉन्टिस्टचं, म्हणजे प्रश्न मिटेल. सासऱ्यांसाठी हिरड्यांच्या तज्ज्ञाची सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या झाल्यावरची, कारण उपाशीपोटी गेलेल्या मधुमेही माणसाची साखर खुर्चीतच उतरते. आणि त्यांच्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या.